इशाऱ्याचं पाणी

लोक म्हणतात, युद्ध कसं पेटलं ते कुणाला कळलंच नाही. साफ खोटं! मला कळत होतं, आणि मी काही फार मोठी शहाणी नाही. मी आमच्या गावात नदीच्या नियंत्रण कक्षात बसायचे. धरण वरच्या देशात, गाव खालच्या देशात, आणि दोघांच्या मध्ये एक टेलिफोन. रोज सकाळी धरणावरचे गृहस्थ मला तिथली पाणीपातळी सांगायचे, मी त्यांना आमच्या पुलाजवळची सांगायचे. ते मला खालच्या ताई म्हणत, मी त्यांना वरचे दादा. भाषा एकच, हेल तेवढा वेगळा. आकडे झाले की मग त्यांच्या जावयाची तक्रार, माझ्या गुडघ्यांची तक्रार. वर्षातून एकदा दोन्ही देशांची नदी समिती बसायची, तेव्हा आम्ही समोरासमोर भेटायचो.

आमच्या नदीवर एक जुनी रीत होती. धरणाचे मोठे दरवाजे उघडण्याआधी वरून थोडंसं पाणी सोडायचे, मग बंद करायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा बंद. असं तीनदा. पात्रात कपडे धुणाऱ्या बायका, गुरं, वाळू काढणारे, सगळ्यांना कळायचं की आता उठा. पाऊस पडून नदी चढली तर चढतच जाते. असा चढउतार ती आपणहून करत नाही. याला म्हणायचं इशाऱ्याचं पाणी. टेलिफोन नव्हते तेव्हापासूनची ही पद्धत, आणि टेलिफोन आल्यावरही ती कुणी मोडली नव्हती.

मग आमच्याकडे एक साहेब निवडून आले आणि त्यानंतर निवडणूकच झाली नाही. वरच्या देशात तर आधीच एकजण ठाण मांडून बसले होते आणि स्वतःला मार्गदर्शक म्हणवून घेत होते. आमच्या साहेबांचा फोटो नियंत्रण कक्षात लागला, तोही नेमका पाणीपातळीच्या फळ्यावर. फळा हलवावा लागला. आमच्या कक्षाचे जुने अभियंते एका सभेत म्हणाले, की नदीचं पाणी हे काही धमकी द्यायचं हत्यार नव्हे. पुढच्या आठवड्यात ते घरी बसले. त्यांच्या जागी आला तो अधिकारी इतका आज्ञाधारक, की आम्ही त्याचं नाव होयबा ठेवलं. वरिष्ठांना विचारल्याशिवाय तो खिडकीसुद्धा उघडत नसे.

समितीची शेवटची बैठक मी डोळ्यांनी पाहिली. वाद होता उन्हाळ्यात पाणी किती सोडायचं याचा. एवढंच. त्या दिवशी सकाळभर खुर्च्यांवरून भांडण झालं, कुणाचा झेंडा उंच त्यावरून झालं. मधल्या सुट्टीत दोन्हीकडचे मुख्य अभियंते व्हरांड्यात चहा पीत उभे होते, आणि चहा संपायच्या आत त्यांचं पाण्यावर एकमत झालं. मी आणि वरचे दादा शेजारीच होतो, आम्ही स्वतः ऐकलं. पण आत जाऊन ते बोलायची छाती एकाचीही झाली नाही. समोरच्या देशाची भीती कुणालाच नव्हती हो, भीती होती ती आपापल्या घरच्या साहेबाची. जो आधी ‘ठीक आहे’ म्हणेल तो घरी पोचायच्या आत गद्दार ठरणार. म्हणून दोघांनीही लिहून दिलेली भाषणं वाचली, फायली आपटल्या आणि उठून गेले. निघताना वरचे दादा मला एवढंच म्हणाले, “ताई, आता मोठ्या माणसांच्या हातात गेलं. जपून राहा.”

पाठोपाठ धरणाकडे जाणारी टेलिफोनची लाइन तोडली. रोज सकाळी मी सवयीने रिसीव्हर उचलायचे आणि मुक्या यंत्रावर चिडायचे. रेडिओवर दोन्हीकडून आरोळ्या. पुलापलीकडच्या रस्त्यावर आमच्या लष्कराचे ट्रक येऊन उभे राहिले. पुलाच्या अलीकडे, नदीला चिकटून, खालची गल्ली. त्या गल्लीत माझी लेक नुकती बाळंत होऊन पडली होती. मी म्हटलं, माझ्याकडे वरच्या अंगाला ये. ती म्हणाली, “आई, तू उगाच घाबरवतेस. बाळाला आत्ता कुठे झोप लागायला लागलीय.” लेक माझीच, हट्टाला काय कमी!

त्या दुपारी आभाळ लख्ख होतं. मी पातळी पाहायला पुलाखालच्या मापपट्टीपाशी गेले, तर पाणी वीतभर चढलेलं. पाहता पाहता उतरलं. मग पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. मग तिसऱ्यांदा चढलं, तिसऱ्यांदा उतरलं. थोडा वेळ गेला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. जणू कुणीतरी दार वाजवत होतं आणि आतून ओ येत नाही म्हणून पुन्हा वाजवत होतं. वरचे दादा! दुसरं कोण असणार?

मी धावत वर आले. आधी लेकीच्या शेजारणीला फोन केला, “पोरीला आणि बाळाला उचल आणि टेकडीवर चढ, काही विचारू नकोस.” मग होयबासमोर जाऊन उभी राहिले.

“साहेब, भोंगा वाजवायचाय. किल्ली द्या.”

“कुणाचा आदेश?”

“नदीचा.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “बाई, विनाआदेश भोंगा म्हणजे अफवा पसरवणं. सरळ तुरुंग. मला दोन मुली आहेत.”

“खालच्या गल्लीत किती मुली आहेत ते सांगू?”

तो राजधानीतल्या कार्यालयाला फोन लावत बसला. तिथून उत्तर आलं, शत्रूची चाल असेल, कळवतो. मी त्याला खिडकीशी ओढत नेलं. पुलाजवळच्या पायऱ्या बुडत होत्या, उघड्या पडत होत्या, पुन्हा बुडत होत्या. त्याने बोटांवर चढउतार मोजले. मग त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. फोटोकडे पाठ करून म्हणाला, “मी चहा प्यायला जातोय. मला काही माहीत नाही.” आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला न विचारता काही केलं असेल. मी त्याची इतकी टिंगल केली होती, पण आजही त्याची आठवण आली की माझे हात आपोआप जोडले जातात.

भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. गाव टेकडीवर चढलं, म्हातारे खाटांवर, कोंबड्या टोपल्यांत. माझी लेक शेजारणीच्या खांद्यावर रेलून आली, बाळ पदराखाली. मी पुढे होऊन बाळ माझ्याकडे घेतलं. संध्याकाळी नदी आली. तिचा आवाज मी वर्णन करून सांगणार नाही. पूल गेला, लष्कराचे रिकामे ट्रक गेले, खालची गल्ली भिंतींसकट गेली. माणूस एक गेला नाही. युद्ध सुरू झालं ते असं, गोळीच्या आधी पाण्याने.

रात्री आम्ही टेकडीवर रेडिओ लावला. वरच्या देशाचा मार्गदर्शक सांगत होता, शत्रूचं गाव बुडवलं, हजारो मेले, मोठा विजय. आमच्या साहेबांनी सांगितलं, आमचं गाव बुडवलं, हजारो शहीद, आता सूड! एवढ्या बैठका झाल्या, पण दोन्ही सरकारांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर, की आम्ही मेलो. दोघांनाही आमची मढीच हवी होती. आमचा न्हावी म्हणाला, “मेलोच आहोत तर आता भरतीची नोटीस कुणाला येणार?” सगळे खो खो हसले. नोटिसा आल्या. आम्हाला दूरच्या छावण्यांत पांगवलं आणि जिवंत असल्याचं कुठे बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. माझा जावई लढाईत पाय गमावून परतला. पण परतला.

पुढे वरचा मार्गदर्शक पळून गेला, आमच्या साहेबांना लोकांनी उतरवलं. इतकी माणसं गेल्यावर नदी समितीची पुन्हा बैठक ठरली. मी निवृत्त झाले होते, तरी बोलावणं मागून घेतलं. नातीला सोबत नेलं, ती आता शाळेत जात होती. मला वरच्या दादांना ती दाखवायची होती आणि त्यांच्या पाया पडायचं होतं. काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा जुळवलं.

ते दिसले. केस सगळे गेलेले, अंगावर कोट लटकतोय. इशारा दिल्याबद्दल युद्धभर तुरुंगात होते, असं मला तिथल्याच कुणीतरी सांगितलं. मी हाक मारली, “वरचे दादा!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि झटकन तोंड फिरवून बाहेर पायऱ्यांकडे निघाले. माझा पारा चढला. एवढ्या लांबून आले आणि हा माणूस ओळख देत नाही? मी नातीचा हात धरून मागे गेले. ते पायरीवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, “ताई, माफ करा. मी दुपारभर इशाऱ्याचं पाणी सोडत होतो. दरवाजे उघडायचा हुकूम त्याहून जास्त वेळ मला ताणता आला नाही. गाव वाचलं नाही.”

मला आधी काही समजेना. मग समजलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुरुंगात रेडिओवरचीच बातमी रोज तोंडावर फेकली होती, आणि सुटल्यावर कुणाला विचारायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

मी जुळवलेलं सगळं विसरले. त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “दादा, एकही माणूस गेला नाही.”

त्यांनी मान वर केली. “खालची गल्ली?”

“घरं गेली. माणसं सगळी टेकडीवर होती. ही माझी नात, तेव्हा पाळण्यात होती.”

त्यांनी हात पुढे केला, पण तिला शिवायचं धाडस होईना. पोरगीच धीट, तिनेच त्यांचं बोट धरलं. आत टाळ्या वाजत होत्या, बहुतेक करारावर सह्या झाल्या असाव्यात. दादांनी डोळे पुसले आणि नदीचा नकाशा समोर पसरला असावा तसे एकेक ठिकाण विचारू लागले.

“पुलाजवळची शाळा?”

“वाचली. मुलं, बाई, सगळी.”

“वाळूवाले?”

“वाचले.”

“पिठाच्या गिरणीवरचा बहिरा? त्याला भोंगा ऐकू आला नसेल.”

“त्याला बायकोने ओढत आणला, दादा. अजून आहे.”

ते विचारत गेले, मी सांगत गेले.