आज नावं नाहीत

"नेम," मशीन म्हणालं आणि गप्प बसलं.

बद्रीनाथने कीबोर्डवरचा खालचा बाण दाबला. पुन्हा "नेम", पुन्हा गप्प. फोन नंबर मात्र खडाखडा इंग्रजीत वाचून दाखवला, रक्तगट सांगितला, गावाशी आलं की परत तोंड मिटलं. देवनागरीत काही दिसलं की हे मशीन अबोला धरलेल्या जावेसारखं मान फिरवून पुढे जात होतं.

बद्रीनाथचं काम रक्तदात्यांना फोन करण्याचं. समर्थनगरातल्या रक्तपेढीत तो नोकरीला लागला त्याला बरीच वर्षं झाली. जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्याचं त्याने कधी भांडवल केलं नाही आणि इतरांना करूही दिलं नाही. कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, कानाला हेडफोन, हाताशी फोन, एवढा त्याचा संसार. अडल्या वेळी यादीतून माणूस काढायचा, नंबर फिरवायचा आणि पलीकडून 'हॅलो' आलं की लगेच म्हणायचं, नमस्कार सत्यभामाताई, कशा आहात? नावाने हाक मारली की माणूस अर्धा निघालेलाच असतो, असं त्याचं म्हणणं. आधी नाव, मग रक्ताची गोष्ट. हा त्याचा शिरस्ता, आणि खरं सांगायचं तर मिजासही तेवढीच.

आज नेमकी नावंच गेली होती.

याला कारण सोनिया. ती पेढीतली लॅब टेक्निशियन, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. रविवारी इंजिनिअर सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायला आला, तेव्हा ड्युटीवर तीच होती. आधी बद्रीसरांचं करा, म्हणून तिने हट्ट धरला. मानाचा पहिला नंबर. इंजिनिअरने विचारलं, जुनं सगळं ठेवायचं, की कोरं करायचं? आता पाडव्याला घरात नवी वस्तू आणल्यावर तिच्यावर जुनं फडकं कोण टाकतं? सोनियाने ऐटीत सांगितलं, कोरं करकरीत करा. त्या कोऱ्या करण्यात बद्रीनाथचं मराठी बोलणारं सॉफ्टवेअर धुऊन निघालं. यादी दुसऱ्या मशीनवर होती म्हणून वाचली.

सकाळपासून बाकीच्यांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या. कुणाचं कोपऱ्यातलं बटण मध्यावर आलं होतं, कुणाला मागचं चित्र आवडलं नव्हतं. मग ते सगळे शिबिरासाठी गाडीत बसून गंगापूरला गेले आणि पेढीत उरले सोनिया आणि बद्रीनाथ. नव्या सिस्टीमचा स्वतःचा एक आवाज होता. तो बद्रीनाथने बटणं दाबून सुरू केला, पण त्या आवाजाला इंग्रजीपलीकडे काही येत नव्हतं. मराठी घालायला पासवर्ड लागत होता आणि पासवर्डवाला इंजिनिअर फुलंब्रीला मेहुण्याच्या साखरपुड्यात. फोन उचलला खरा, पण मागे बँजो असा दणाणत होता की "चारला येतो" याखेरीज काही कळलं नाही.

आणि तेवढ्यात घाटी दवाखान्यातून निरोप आला. गंगापूरकडची एक बाई बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. गट ए निगेटिव्ह. पेढीत एकच पिशवी होती, ती गेली. आणखी दोन लागणार होत्या. तपासण्यांचा वेळ धरला तर दुपारच्या आत दाते यायलाच हवे होते.

नव्या सिस्टीममधून सगळ्या ए निगेटिव्ह दात्यांना मेसेज आपोआप गेला. एकाचंही उत्तर आलं नाही. गेल्या आठवड्यातच पेढीचे मोठे डॉक्टर प्रेमाने म्हणाले होते की आता मेसेज आपोआप जातील, तुम्हाला जरा आराम. तो 'आराम' बद्रीनाथच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. आराम म्हणजे काय, हे त्याला चांगलं कळत होतं.

सोनिया स्टूल ओढून शेजारी बसली. मी नावं वाचते, तुम्ही बोला, म्हणाली. पण पहिलं नाव वाचेपर्यंत काउंटरची घंटा वाजली. ती जाऊन आली, पुन्हा वाजली. पिशव्या द्यायच्या, नमुने घ्यायचे, सगळं तिच्या एकटीवर. परत आली तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

"माझ्यामुळं झालं हे, सर."

"तुझ्यामुळं झालं, व्हय," बद्रीनाथ म्हणाला. "आता रडत बसलीस तर त्या बाईला काय फायदा? जा, लॅब सांभाळ. माणसं मी आणतो."

म्हणाला खरा, पण ती गेल्यावर फोन नुसताच हाताशी धरून बसला. नंबर होते, पण माणसं नव्हती. इतकी वर्षं त्याने लोकांकडे रक्त मागितलं होतं, नाव कधी मागितलं नव्हतं. ज्याला नावच ठाऊक नाही त्याच्याकडे रक्त कुठल्या तोंडाने मागायचं? चार वाजेपर्यंत थांबावं, इंजिनिअर येईल, असं एकदा मनात आलं. मग ती बाई डोळ्यांपुढे नाही तरी मनापुढे आली आणि त्याने पहिला नंबर लावला.

"नमस्कार," तो म्हणाला, आणि सवयीने जिथे नाव यायचं तिथे अडखळला. "रक्तपेढीतून बोलतोय. माफ करा, आज आमचं मशीन नावं सांगत नाहीये. आपण कोण, सांगाल का?"

पलीकडे एक बाई हसल्या.

"बद्रीनाथभाऊ ना तुम्ही? अहो, मी सत्यभामा. दरवेळी तुम्ही माझं नाव घेता, आज मी तुमचं घेतलं, बस."

बद्रीनाथने घाईघाईने रक्ताची गरज सांगितली. सत्यभामाताईंनी मागच्याच महिन्यात रक्त दिलं होतं, त्यामुळे त्या चालणार नव्हत्या. पण त्यांच्या भावाचा गट तोच होता आणि तो शहरातच होता. त्याला आत्ता पाठवते, म्हणाल्या. दुसरा फोन लागला तो पुण्यात अडकलेला. तिसरा आजारी. पण दोघांनीही त्याचा आवाज ओळखला, दोघांनी नावाने विचारपूस केली. एकाने तर उलट त्यालाच धीर दिला.

चौथ्या फोनमागे कारखान्याचा घरघराट होता. बद्रीनाथने माफी मागायला सुरुवात केली तोच पलीकडचा माणूस म्हणाला, "बद्रीनाथभाऊ, मी कडुबा, शेंद्र्याहून. कधी येऊ तेवढं सांगा."

सत्यभामाताईंचा भाऊ आला, देऊन गेला. कडुबाने सुपरवायझरकडून अर्धी रजा घेतली आणि मोटारसायकल हाणत आला. सोनियाने दोन्ही पिशव्यांच्या तपासण्या उरकल्या आणि त्या घाटीला रवाना केल्या. कडुबाला चहाबिस्किटं देऊन तिने घरी जायला सांगितलं, पण गडी हलेना. एवढं आलोय तर निरोप घेऊनच जातो, म्हणून बाकावर बसून राहिला.

चार कधीच वाजून गेले होते, तेव्हा कपाळाला कुंकू-अक्षता लावलेला इंजिनिअर उगवला. सोनियाने त्याला पाणीसुद्धा न विचारता खुर्चीत बसवलं. त्याने पासवर्ड घातला, बद्रीनाथचं जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं. मशीनला वाचा फुटली. बद्रीनाथने यादीवरून एकदा खालपर्यंत बाण फिरवला. सगळे होते. त्याने मोठा श्वास सोडला.

दिवेलागणीला घाटीतून फोन आला. रक्त थांबलं होतं, बाई शुद्धीवर होती, बाळाला जवळ घेऊन पडली होती. बद्रीनाथने फोन ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदा हेडफोन काढून बाजूला ठेवला. मोठे डॉक्टर शिबिराहून परतले होते. सोनियाने त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. ते ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, मेसेज राहू देत, पण फोन बद्रीनाथच करतील.

कडुबा निरोप ऐकायला आत आला. इतकी वर्षं फोनवर बोलणं आणि रक्त देऊन बाहेरूनच जाणं, समोरासमोर आज पहिल्यांदाच. टेबलाला टेकवलेली पांढरी काठी त्याला दिसली, आणि मग बद्रीनाथचे डोळे. तो जागच्या जागी थबकला.

"तुम्हाला दिसत नाय व्हय?" त्याने हळूच विचारलं. "मला वाटायचं, तुम्ही यादी बघून बोलता."

"बघून नाही, ऐकून. आणि आज तेही नव्हतं."

"मंग आज कसं काय?"

"आज तुम्हीच सगळ्यांनी सांगितलं," बद्रीनाथ म्हणाला.

बाई बरी आहे, हे ऐकून कडुबाने दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यालाच ठाऊक. निघताना सवयीने नुसता हात हलवून जाणार होता, पण दारातून मागे फिरला. बद्रीनाथचा हात हातात घेऊन म्हणाला, "निघतो, भाऊ. मी कडुबा बरं का."

"नाव कशाला सांगता?" बद्रीनाथ म्हणाला. "तुमचं नाव येतं मला."