तात्यांची घट्ट गंजी

कालव्यात हात घालून सूनबाई काठावर तशीच बसून राहिली. पाणी गार होतं. या घरात आल्यापासून एकाही हिवाळ्यात हे पाणी तिला गार लागलं नव्हतं. पलीकडच्या अणुभट्टीतून सुटलेलं पाणी सकाळी वाफा टाकत यायचं. तेच तिने नळीने शेडमध्ये घेऊन मांडण्यांखालून फिरवलं होतं. बाहेर हाडं गोठत असली तरी तिची मिरचीची रोपं खुशाल वाढायची आणि सगळं गाव तिच्याकडूनच रोपं न्यायचं.

आता रोपं जेमतेम दोन पानांवर होती आणि भट्टी कालपासून बंद होती. कायमची.

घरात तिचे सासरे, तात्या, खाटेवर बसले होते. भट्टीसाठी त्यांचं सगळ्यात चांगलं रान गेलं होतं. पुढचं अर्धं आयुष्य मोर्चे काढण्यात आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं. काल घोषणा देऊन घसा बसला होता. "जिंकलो," असं एकदा म्हणाले आणि खाटेवर बसले, ते उठेचनात.

"तात्या, रोपं मरतील."

"का मरतील?"

"ऊब भट्टीच्या पाण्याची होती."

"मग मरू देत. विषावर वाढलेली."

"विष नाही हो ते! आतलं पाणी वेगळं, हे बाहेरून फिरणारं. किती वेळा सांगू?"

"भट्टी एकच ना?"

"भट्टी एक, नळ्या वेगळ्या."

"तू त्यांची वकील."

"मी मिरचीची वकील आहे," ती म्हणाली आणि घरातली सगळी पांघरुणं उचलून शेडकडे गेली. त्या रात्री माणसं गोणपाटात झोपली.

सकाळी शेजारचा दूधवाला कुरकुरत आला. "तात्या, जिंकलात खरं, पण रात्रभर वीज नव्हती. अंधारात माझं दूध सांडलं की!"

"येईल दुसरीकडून."

"येईल म्हणे! कुणी सांगतं समुद्राच्या लाटांवर करणार, कुणी सांगतं आभाळात पतंग उडवून करणार. पतंग मी उडवतो, तुम्ही तेवढा मांजाला दिवा टांगून द्या."

तात्या हसले नाहीत. सूनबाईचं मात्र बोलण्याकडे लक्षच नव्हतं. शेगडी लावावी तर धुराने रोपं काळी पडतात, हीटर लावावा तर विजेचा पत्ता नाही. ती दूधवाल्याच्या गोठ्यामागे बघत होती. तिथल्या शेणाच्या ढिगातून वाफ निघत होती.

"तो ढीग मला द्याल?"

"घ्या की. शेणाला कोण नाही म्हणतं?"

तिने मनात जुळवाजुळव केली. शेड उंचावर, त्याच्याखाली उतार. उतारावर शेण, भुसा आणि वाळका पाला यांचा मोठा ढीग घालायचा, नळीची वेटोळी त्यात पुरायची. तापलेलं पाणी आपोआप वर चढेल, गार झालेलं खाली येईल. वीज नको की पंप नको.

"तात्या, ढीग तुम्ही रचून द्या. तुमच्यासारखी गंजी कुणाला रचता येते?"

हे खरंच होतं. तात्यांची कडब्याची गंजी कितीही पाऊस पडला तरी आतून कोरडी राहायची. ते उठले. दिवसभर थर टाकत, पायांनी तुडवत, कडा थापटत त्यांनी ढीग रचला. भिंतीसारखा घट्ट.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने लोखंडी सळई ढिगात खुपसली आणि थोड्या वेळाने ओढून गालाला लावली. गार. तिसऱ्या दिवशीही गारच. शेडमध्ये उत्तरेकडच्या मांडणीवरची रोपं माना टाकून पडली होती.

"तुझी भट्टी पेटेना," तात्या म्हणाले.

ती ढिगाकडे बघत राहिली. दूधवाल्याचा ढीग कसाही फेकलेला, विस्कटलेला होता, तरी वाफाळत होता. "तात्या, हा फार घट्ट झालाय. सैल करायला हवा."

"सैल? माझ्या गंजीत पाण्याचा थेंब शिरत नाही!"

"तेच तर! वारासुद्धा शिरत नाही. आत बारीक जीव आहेत, ते शेण खातात तेव्हा ऊब सुटते. त्यांना श्वास नको का?"

"अख्ख्या गावात माझ्या गंजीला कुणी नावं ठेवली नाहीत. सून ठेवते."

ते पाठ फिरवून बसले. तिने दाताळं घेतलं आणि एकटीने ढीग उकरायला सुरुवात केली. ओलं शेण जड होतं. दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले, हाताला फोड आले, आणि ढिगाचा एक कोपरासुद्धा मोकळा झाला नव्हता. ती तिथेच उकिडवी बसली.

मागून दुसऱ्या दाताळ्याचा आवाज आला. तात्या स्वतःच रचलेली कड पाडत होते. सगळा ढीग उलथेपर्यंत सूर्य कलला होता.

दोन दिवसांनी सळई हातात धरवेना. मांडण्यांखालची नळी कोमट झाली. उत्तरेकडची सगळी रोपं गेली होती, पण बाकीच्या मांडण्यांवर पानं ताठ उभी होती. निम्म्या गावाला तरी पुरतील एवढी होती. तात्या नळीवर तळहात ठेवून उभे राहिले.

"आता झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं कसलं? चार दिवसांनी पुन्हा उलथायचा. नवं शेण घालायचं. थंडी सरेपर्यंत."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही."

तात्यांनी कंबर धरून लांबवर बंद भट्टीकडे पाहिलं. "तिथे कामाला किती माणसं होती गं?"

"असतील हजारेक."

"आणि इथे?"

"दोन."

"दीड म्हण," तात्या म्हणाले आणि शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडे निघाले.