विझलेला दिवा

फाट्यावर ब्रेक दाबला तरी न पेटलेला तो उजवा दिवा, त्याच्या लाल काचेला लावलेली ती चिकटपट्टी... समोर कडेला उभ्या असलेल्या निळ्या ब्यूकच्या पाठीवरून वेन्डेल ट्रास्कची नजर हटेना. गस्तीच्या गाडीत बसून तो नोंद भरत होता आणि स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न आला होता : थांबवण्याआधी चालकाचा वंश माहीत होता का?

नाही. इतकी वर्षं त्याचं उत्तर 'नाही'च. साऱ्या ठाण्याचंच 'नाही'. सकाळी कॉफी ढवळत ठाण्याचे साहेब म्हणालेही होते, "कुणाला काही दिसत नाही, तरी गाड्या बरोबर थांबतात! आंधळ्यांचं ठाणं आहे आपलं. असंच चालू द्या. आकडे नगरसभेत जायचेत, आपण वंश बघून गाड्या अडवतो का ते तपासायला. ज्याला 'हो' दाबायची हौस असेल त्याने तिथे येऊन स्वतःच उत्तरं द्यावीत." सगळे खिदळले. वेन्डेलही हसला — निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाने दुसरं काय करावं...

वंश विचारायचा नसतो, चेहऱ्यावरून ताडायचा आणि चौकोन दाबायचा. 'कृष्णवर्णीय' त्याने केव्हाच दाबलं होतं. गाडं अडलं ते पुढच्या, 'आधी माहीत होता का'च्या चौकोनाशी.

कारण ब्यूकमध्ये प्रुइट मास्तर होते. शाळेच्या बँडचे. माझ्या मुलीला, केल्सीला, ट्रम्पेट शिकवलं त्यांनी, माझ्याच अंगणात बसून भाजलेल्या बरगड्या चोखल्या, वर मसाल्याला नावं ठेवली! गाडी ओळखीची, टोपी ओळखीची... लांबूनच.

"दिवा गेलाय, ठाऊक आहे मला," काच खाली करत ते म्हणाले होते. "पण वेन्डेल, लेका, माझ्यापुढे हॅस्केलचा ट्रक गेला, त्याचे तर दोन्ही विझलेले. त्याला तू हात हलवून जाऊ दिलंस."

"लक्ष नव्हतं, मास्तर."

"अस्सं. बँडमधली पोरंही हेच म्हणायची, सूर चुकला की." मग जरा थांबून, "केल्सी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"आता दंड करणार असशील तर चटकन कर बाबा. उन्हात म्हातारा शिजतोय."

दंड केला नाही. नुसती ताकीद. मास्तरांनी आभार मानले, अगदी नीट, परक्या माणसाचे मानावेत तसे... आणि ब्यूक निघून गेली.

गोऱ्या हॅस्केलसाठी चौकोनच नव्हता. जाऊ दिलेल्यांचा वंश कोण विचारतो? पण दिवा मी पाहिला होता, आधी दिवाच — एवढं तरी खरं, एवढं तरी माझं...

मागून एक पांढरी गाडी आली, पुढे जाऊन फाट्यावर थांबली. तिचे दोन्ही दिवे लख्ख पेटले असावेत. वेन्डेलला ते सांगता आलं नसतं. त्याची नजर मागच्या काचेतून आत शिरून चालकाच्या मानेचा रंग शोधत होती.