शिट्टी, सेजल आणि 'श्रिल'

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात बुचाचा एक लहानसा गोळा असतो. फुंक मारली की तो गरगर फिरतो आणि माझा आवाज निघतो.

कुशाबा कंडक्टरांनी मला महाडच्या बाजारातून घेतले. घाटात एसटी मागे घ्यायची असली की ते खाली उतरून मला वाजवत. प्रवासी कानांवर हात ठेवत. कुशाबा मात्र खुशीत म्हणत, "पलीकडच्या डोंगरावरच्या गुरांनी पण माना वर केल्या बघा!" मला फार अभिमान वाटे.

पुढे ते निवृत्त होऊन कुडपणला आपल्या घरी आले आणि मी बटणांच्या डब्यात पडले. सात पावसाळे गेले. दमट हवेने गोळा फुगला आणि आत अडकून बसला. कुणाला पत्ताही नव्हता.

एके दिवशी शाळेत तेजश्री मॅडमनी इंग्रजी शब्द शिकवला, 'श्रिल'. "श्रिल म्हणजे उंच, बारीक, कानात घुसणारा आवाज. कुकरच्या शिट्टीचा, कचकन लागलेल्या ब्रेकचा. असा आवाज करणारी वस्तू उद्या आणा," त्या म्हणाल्या. कुशाबांची नात श्रुतिका मला गळ्यात घालून घेऊन गेली.

तिने गाल फुगवून फुंक मारली. मी वाजले, "फुस्!"

सगळा वर्ग हसला. भरत ओरडला, "मॅडम, शिट्टी कशाला? सेजल हाय ना! तिचाच आवाज श्रिल!"

हसू आणखी वाढले. सेजलचा आवाज होताच तसा, उंच पट्टीचा. मॅडमनी भरतला थांबवले. "वस्तूला लावला तर हा शब्द नुसतं वर्णन करतो. माणसाला लावला, त्यातून एखाद्या मुलीला, तर त्याचा टोमणा होतो."

पण सेजलची मान खाली गेली होती. त्या दिवसापासून ती हजेरीलाही फक्त हात वर करू लागली. मी नीट वाजले असते तर ही थट्टा झालीच नसती, असे मला वाटत राहिले.

त्याच आठवड्यात तुडीलचे रऊफभाई टेम्पोतून कांदेबटाटे विकायला आले. शाळा नुकतीच सुटली होती. धुके एवढे, की चार पावलांवरचे दिसेना. रऊफभाई टेम्पो मागे घेऊ लागले. नेमकी मागेच भरतची चप्पल चिखलात रुतली होती, आणि तो वाकून ती ओढत होता.

जवळच उभ्या श्रुतिकाने ते पाहिले. मी अजून तिच्या गळ्यातच होते. तिने मला ओठांत धरून जीव खाऊन फुंकले. फुस्! पुन्हा फुस्! मित्रांनो, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात शेजारून आवाज उठला, "थांबाऽऽ! रऊफचाचा, थांबाऽऽ!"

टेम्पो थांबला. भरत आणि चाक यांच्यात हातभर अंतर उरले होते.

रऊफभाई घाईघाईने खाली उतरले. "कोण ओरडली गो?"

ओरडा बसेल म्हणून सेजल मागे सरली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाय माझी, इंजिनच्या आवाजात दुसरं काय ऐकू आलं नसतं मला. तुझा आवाज थेट आत शिरला."

भरत चप्पल छातीशी धरून रडत होता.

सोमवारी मॅडमनी 'श्रिल' वाक्यात वापरायला सांगितला. भरत उठला. त्याने फळ्यावर अडखळत इंग्रजीत लिहिले आणि वाचले, "सेजल्स श्रिल व्हॉइस सेव्ह्ड मी."

मॅडमनी विचारले, "सेजल, हा शब्द चालेल तुला? नको असेल तर 'लाऊड' लिहू."

सेजलने थोडा विचार केला. मग शेजारच्या वर्गालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "श्रिलच ऱ्हाऊ द्या, मॅडम. पण त्यात दोन एल हायत, भरतने एकच लिवलाय!"

या वेळी सगळ्यात मोठ्याने भरत हसला.

त्या संध्याकाळी कुशाबांनी मला कोमट पाण्याने धुतले, अडकलेला गोळा सुईने काढला आणि नवा बसवला. आता मी शाळेच्या कवायतीला वाजते. मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला अधूनमधून पुसा, वापरून पाहा. आणि नवा शब्द शिकलात की तो कुणावर फेकण्याआधी एकदा स्वतःला लावून बघा.