वाकायचं नाही

साताऱ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली आणि एका दमात सांगून टाकलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मी विचारलं, "मग करायचं काय?" ते म्हणाले, "आराम." जन्मात कधी न केलेलं काम ह्या वयात कुठून शिकायचं?

मोतीबिंदू म्हणजे हल्ली काहीच नाही, असं ज्याला त्याला सांगायला काय जातं? डोळा माझा होता. आत वाळूचा कण गेल्यासारखं खुपायचं. शिंक आली तरी वाटायचं, की आता आतलं भिंग निसटलं. एक डोळा झाकला की भिंत पांढरी दिसायची, दुसरा झाकला की पिवळट, आणि खरी कुठली ते कळेना. मला भीती वाटत होती, आणि ती सांगितली की घरातले हसायचे. आमचे हे फौजेतून हवालदार होऊन आलेले. चप्पल शोधायला मी जरा खाली बघितलं, की ओरडायचे, "मान वर!" सून रेश्मा थेंब घालायची, चूल सांभाळायची. माझं घर माझ्यावाचून सुरळीत चाललं होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

उन्हं उतरली की मी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. ओढ्याचं पाणी आत येतं म्हणून सासऱ्यांनी ओटा छातीइतका उंच बांधलाय. खुर्चीत बसलं की त्याची कड बरोबर कपाळाशी येते. ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय बघत मी दिवस ढकलत होते.

अशात एका संध्याकाळी आक्काताई आल्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, वरच्या आळीला राहतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड वेणीसुद्धा घालता येत नव्हती. पहिलं वर्षभर माझी वेणी त्यांनीच घातली. पण माझ्या मुलाच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान त्यांचा, आणि त्या येईपर्यंत गडबडीत कुणीतरी सुरुवात करून टाकली. त्या न जेवता गेल्या. मी समजूत घालायला गेले तर दार उघडलं नाही. मग मीही हट्टाला पेटले. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद होतं.

त्या दिवशी मी अंगणात न उतरता ओट्यावरच बाजेवर बसले होते. त्या समोर टेकल्या, हातातला नारळ आणि साखरेचा पुडा रेश्माकडे दिला.

"काय गं मने, दिसाय लागलं का?"

"दिसतंय की."

"बरं झालं."

त्यांनी पदरानं मान पुसली. मग म्हणाल्या, "सकाळी सांगलीला चाललीया. जयराज मला न्यायला आलाय. आता त्याच्याकडंच ऱ्हायाचं. घराला कुलूप."

जयराज त्यांचा मुलगा. मनात असायचं, की आज ना उद्या वरच्या आळीला जाईन आणि बोलेन. आता तिथं कुलपाशी बोलायचं होतं का?

त्या उठल्या. पदर सारखा केला, पाय जुळवले आणि उभ्या राहिल्या. मला कळलं. आमच्या घरात थोरली निघाली की धाकटीनं तिच्या पायावर कपाळ टेकायचं. दुरून हात जोडणं हे परक्यांचं. मी नुसतं कपाळ टेकलं असतं, तर हळदीचं सगळं तिथंच मिटलं असतं.

आणि मला वाकायचं नव्हतं.

रेश्मा मध्येच म्हणाली, "थोरल्या आत्या, त्यास्नी वाकाय बंदी हाय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"व्हय का?" आक्काताई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे मग. न वाकायला माणसाला कायबी कारण पुरतं."

त्या वळल्या. मला इतका संताप आला, की डोळा गेला तरी बेहत्तर, असं वाटून मी वाकायला निघालेही होते. रेश्मानं दंड धरला. तो सोडवून घेतला आणि भिंतीला धरून मी पायऱ्या उतरले. अंगणातली खुर्ची ओढत ओट्याला भिडवली आणि तिच्यावर बसले.

"आक्का, पायऱ्या उतरू नगा. हिकडं कडंला या."

"कशापायी?"

"आवं, या तर."

त्या हळूहळू कडेला आल्या. त्यांचे पाय माझ्या तोंडासमोर आले. मी काळा चष्मा काढला, दोन्ही हातांनी पाय धरले आणि मान ताठ ठेवून कपाळ पुढं टेकवलं. पाय गरम होते, घोट्यापर्यंत सुजलेले, बोट ठेवलं तिथं खळगा पडत होता. ह्या पायांनी त्या वरच्या आळीपासून चालत आल्या होत्या.

मग वरून आवाज आला, "मने, तुझं डोकं किती पिकलं गं. आणि ही काय दशा केलीयास?"

"पाणी घ्याय बंदी हाय."

"विंचरायची तर बंदी न्हाई ना?"

मी खुर्ची फिरवून पाठमोरी बसले. त्या कण्हत कण्हत ओट्याच्या कडेला बसल्या, पाय माझ्या दोन्ही खांद्यांवरून खाली सोडले आणि रेश्माकडे फणी मागितली. चिकटलेला गुंता त्यांनी टोकापासून एकेक करून सोडवला. डोळ्याला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या हातानं माझं कपाळ धरून ठेवलं होतं. मग पूर्वीसारखी वेणी घातली.

"आत्या, डोळ्यात पाणी न्हाई आणायचं," रेश्मा म्हणाली.

"मी न्हाई आणलं. ते आपलं आपण आलंया."

सकाळी त्या सांगलीला गेल्या. मला धुळीत जायची बंदी, म्हणून गाडीपर्यंतही जाता आलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी डोळा बघितला आणि म्हणाले, "छान आहे. आता डोक्यावरून अंघोळ करा." घरी आल्या आल्या रेश्मानं हंडा तापवला आणि मला हाक मारली.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे आज."

वेणी अजून तशीच होती. ती मला सोडवेना.