काचेवरचा कागद

बाही होती, हात होता, पण हात काही बाहीत जात नव्हता.

त्याने लिंबाच्या रंगाचं ते मलमली झबलं पुन्हा सरळ केलं, मुलीची मूठ बाहीच्या तोंडाशी आणली आणि हलकेच ढकलली. मूठ आत गेली, कोपर अडलं, आणि मूठ आल्या वाटेने परत बाहेर आली. तीन आठवड्यांच्या त्या जीवाने तोंड वेंगाडलं. केस विंचरता विंचरता बायको थांबली.

"ढकलू नकोस," ती म्हणाली. "आधी तुझी बोटं पलीकडून बाहीत घाल, तिचा हात धर आणि हळूच बाहेर आण. सैल सुटला की आपोआप येतो."

"मला शिकवतेस? सारा जन्म पोरांना कपडे घालण्यात गेला माझा!"

हे खोटं नव्हतं. बाजारपेठेतल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात काचेमागचे पुतळे तोच सजवायचा. दुकानात सगळे त्याला 'कलाकार' म्हणत, निम्मे कौतुकाने आणि निम्मे सवयीने. पण त्याच्या त्या पोरांचे हात खांद्यापासून निघत. हात काढायचा, अंगात कपडा चढवायचा, बाहीतून हात सरकवून खांद्याला फिरवून बसवायचा, की झालं. लेकीचे, ठमीचे, हात निघत नव्हते. शेवटी बायकोनेच कंगवा केसांत खोचला आणि दोन्ही बाह्यांतून दोन मुठी बाहेर काढून दिल्या.

"ठमाबाई," ती लेकीला म्हणाली, "सांभाळून घ्या हो बापाला. नवा आहे."

ठमीला घेऊन एकट्याने बाहेर पडायची त्याची ही पहिलीच वेळ. रात्ररात्र जागून बायकोचे डोळे खोल गेले होते. "तू जरा आडवी हो, मी हिला दुकानात दाखवून आणतो, हा गेलो आणि हा आलो," असं तो चार दिवस म्हणत होता आणि ती चार दिवस नको म्हणत होती. आज ऊन एवढं लखलखीत पडलं होतं की तिलाही नाही म्हणवेना.

"या दिवसांतल्या उन्हावर विसंबू नये," तरी ती म्हणालीच. "सकाळी पंखा लावतं आणि दुपारी गोधडी मागतं." तिने ठमीच्या डोक्यावर लोकरीची टोपी ओढली, नाडी बांधली आणि कापडी पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. "दुलई आहे, मोजे आहेत. वारा सुटला की गुंडाळ. आणि टोपी काढायची नाही, काय?"

"काय भरलंयस एवढं? चांगलीच जड आहे."

"असू दे जड. तू काही डोक्यावर घेऊन जाणार नाहीस."

जिना उतरताना तो टोपीकडेच बघत होता. टोपी सासूबाईंनी विणलेली, राखाडी, एक कान मोठा आणि एक लहान. त्या टोपीत ठमी सोललेल्या बटाट्यासारखी दिसे. आणि खाली ते झबलं! दुकानाच्या काचेत गेल्याच आठवड्यात त्याने उन्हाळा मांडला होता, मधल्या छोट्या पुतळीला नेमक्या याच कापडाचा फ्रॉक घातला होता, आणि उरलेल्या तुकड्यातून शिंप्याच्या हातापाया पडून हे झबलं शिवून घेतलं होतं. लेकीला काचेपुढे धरायचं, इकडे पुतळी, तिकडे ठमी, आणि मग बघणाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. चार दिवस त्याच्या डोळ्यांपुढे हे एकच चित्र होतं. त्या चित्रात राखाडी टोपी कुठेच बसत नव्हती.

तळमजल्यावर जिन्याखाली विजेचे मीटर होते. त्याने वर कानोसा घेतला. मग नाडी सोडली, टोपी पिशवीत कोंबली आणि पिशवी मीटरच्या मागे सारली; पट्टा तेवढा बाहेर लोंबत राहिला. तासाभराचा तर प्रश्न, आणि ऊन तर हे असं. पातळ दुपट्यात लेकीला घेऊन तो रस्त्याला लागला तेव्हा त्याची चाल नवरदेवासारखी होती.

रस्त्यात दोघी-तिघींनी थांबून ठमीचं तोंड पाहिलं. "किती गोड रंग!" एक म्हणाली. ते झबल्याबद्दल होतं हे त्याला कळलं आणि तो आणखी फुलला. पुलाच्या तोंडाशी ऊन गेलं. पुलाच्या मध्यावर वारा आला, आणि तो सुखाचा वारा नव्हता. इथून घर जेवढं मागे, तेवढंच दुकान पुढे. मागे फिरावं तर पिशवी काढावी लागणार, वर जावं लागणार, बायको टोपी कुठे म्हणून विचारणार. तो पुढे निघाला. आधी टपोरे थेंब आले, आणि मग आभाळातून कुणी मुठी भरभरून फेकाव्यात तशा गारा. तो लेकीवर वाकून धावत सुटला. ती रडत होती, मग रडायची थांबली. तेव्हा त्याला बरंच वाटलं. किरकिरं पोर दुकानात न्यायला नको, एवढंच त्याच्या मनात आलं. त्या एका विचाराची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरणार होती.

"आले का कलाकार? आणा बघू आमची ठमी!" गल्ल्यामागून मालकीणबाईंनी हात पसरले. बाई मनाच्या मोठ्या आणि विजेच्या बाबतीत महाचिकट. दिवसाढवळ्या काचेत एक दिवा जास्त लागला तरी त्यांचा आवाज गोदामापर्यंत ऐकू जाई. त्यांनी ठमीला घेतलं, दुपटं बाजूला केलं, मानेमागे हात लावला, मग पावलांना, आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"ही रडत का नाही?"

"मघाशी रडत होती. आत्ताच थांबलीय."

"थांबली कसली, गारठलीय! झबलं चिंब आहे. टोपी कुठाय हिची?"

"राहिली," तो म्हणाला.

मोठा सोयीचा शब्द. कुणी ठेवली नाही, कुणी काढली नाही, टोपीच बिचारी आपण होऊन मागे राहिली.

"लोकरीचं काहीतरी आणा गं!" बाई ओरडल्या. काउंटरवरच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग त्याच्याकडे. हिवाळ्याचा सगळा माल गेल्याच आठवड्यात दूरच्या गोदामात गेला होता. काचेत नेहमी पुढचा ऋतू हवा, गिऱ्हाइकाला मागचं दाखवू नये, असं बाईंच्या मागे लागून लागून त्यानेच तो धाडला होता.

बाईंनी झबलं काढलं, नव्या टॉवेलची चिठ्ठी दातांनी तोडली आणि ठमीला कोरडं केलं. तिची बोटं जांभळट दिसत होती.

"शर्ट काढ."

"अं?"

"शर्ट काढ म्हणते! उघड्या अंगाशी धर तिला, वरून टॉवेल घे. आणि काचेत जाऊन बस, दुकानात तेवढीच एक जागा उबदार आहे. मी डॉक्टरांना फोन लावते."

शर्ट कडक इस्त्रीचा होता. आतल्या बनियनला दोन भोकं होती. काउंटरवरच्या मुलींनी ती पाहिली, आणि त्यांनी पाहिली हे त्याने पाहिलं. बनियनही काढून तो छोट्या दारातून वाकून काचेमागच्या चौथऱ्यावर गेला आणि पुतळ्यांच्या पायांशी बसला. बाईंनी लेक त्याच्या छातीवर ठेवली, भिजलेलं झबलं पुतळीच्या पुढे केलेल्या हातावर टाकलं, आणि सहाच्या सहा दिवे लावले.

त्याचा एक नियम होता आणि नव्या मुलींना तो पहिल्या दिवशीच सांगत असे. पुतळ्याचे कपडे बदलण्याआधी काचेवर कागद लागला पाहिजे. उघडा पुतळा रस्त्याला दिसता कामा नये. दुकानाची अब्रू जाते. यावरून त्याने एकदोघींना रडवलंही होतं.

आता गारा चुकवायला अर्धा बाजार दुकानाच्या पत्र्याखाली येऊन उभा होता, काचेपासून हातभर अंतरावर. सहा दिव्यांच्या उजेडात, टोप्या घातलेल्या आणि हसऱ्या चार पुतळ्यांच्या मध्ये, हाडकुळा, उघडा, छातीवर टॉवेलाचं बोचकं घेतलेला तो. एक बाई दुसरीला काहीतरी सांगत होती आणि बोट दाखवत होती. नवी जाहिरात म्हणत असेल. एका माणसाने मोबाइल वर केला. एका मुलीने काचेला नाक चिकटवलं.

"बाई," तो आतल्या बाजूला म्हणाला, "तेवढा कागद..."

"मरू दे तो कागद! पोर बघ!"

कागदाची गुंडाळी कोपऱ्यात उभी होती. उठावं तर लेक हलणार. तो बसून राहिला. छातीवर दोन गार पावलं होती, आणि गार म्हणजे पुतळ्याच्या पायाइतकी गार. बाहेरच्या एका म्हाताऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम काचेकडे पाठ करून उभा राहिला. बाकी सगळ्यांच्या नजरा त्याने सोसल्या, ती पाठ मात्र सोसवेना. त्याने मान खाली घातली आणि लेकीच्या टाळूवर तोंडाची वाफ सोडत राहिला. ठमे, रड. ठमाबाई, रडा हो. एकदा रडा.

छोट्या दाराशी आवाज झाला. बायको वाकून आत आली. केसांतून पाणी ठिबकत होतं, कंगवा अजून तिथेच होता. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात त्याची. खांद्याला पिशवी होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. लेकीच्या मानेमागे दोन बोटं ठेवली, मग टॉवेलाखाली पोटावर, मग पावलांवर. मग पिशवीतून टोपी काढली. टोपीला कोळिष्टक चिकटलं होतं. ते तिने चिमटीने ओढून काढलं, ओढणीला पुसलं आणि टोपी लेकीच्या कानांवर नीट बसवली. दुलई काढून पाठीमागून गुंडाळली.

ठमीने नाक मुरडलं, तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं.

असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. बायकोने डोळे मिटले. दारातून बाईंचं डोकं आत आलं.

"रडली! रडू दे, चांगली रडू दे. गारा थांबल्या की डॉक्टर येतायत." मग जीव भांड्यात पडल्यावर माणसाला जसा राग सुचतो, तसा त्यांनाही सुचला. "पण काय गं, या अशा दिवसांत टोपीशिवाय पाठवतं का कुणी लेकराला?"

बायकोने दुलईचं टोक लेकीच्या पावलांखाली खोचलं.

"पिशवी राहिली खाली," ती म्हणाली.

त्याचाच शब्द. त्याला कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

ती उठली. कोपऱ्यातली कागदाची गुंडाळी घेतली, टोक काचेला धरलं आणि चिकटपट्टी दातांनी तोडून लावली. पहिला पट्टा तिने लावला तो नेमका त्याच्यासमोर. मोबाइलवाला गेला, नाक चिकटवलेली मुलगी गेली, शेवटी त्या म्हाताऱ्याची पाठ गेली. चौथऱ्यावर पिवळा, बंद उजेड उरला.

"राहिली नव्हती, बाई," तो म्हणाला. लेकीच्या रडण्यापेक्षा मोठ्याने म्हणावं लागलं. "हिने टोपी घालून दिली होती. मी काढली. पिशवी मीटरच्या मागे मीच ठेवली." आणि एवढ्यावर थांबता येईना म्हणून, "त्या झबल्यावर शोभत नव्हती."

बाईंनी पुतळीच्या हातावरून ठिबकणाऱ्या झबल्याकडे पाहिलं. हात लांब करून त्यांनी सहापैकी दोन दिवे बंद केले आणि गल्ल्याकडे गेल्या.

"पहिल्यांदाच दिली होती तुझ्याकडे," बायको म्हणाली. ती हे पिशवीकडे बघत म्हणाली.

लाजेला शब्द नसतात, नुसते गरम कान असतात, आणि ते त्याला होते. ठमी रडून दमली आणि त्याच्या छातीवर तोंड घासू लागली.

"तिला भूक लागलीय. देतो. घेतेस?"

"थांब. तू थरथरतोयस. पाडशील."

तिने पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून आणखी एक कपडा ओढून काढला. तपकिरी, पुढून बटणांचा, कोपरावर ठिगळ लावलेला. त्याचाच स्वेटर. रिकामी पिशवी तिच्या मांडीवर आडवी पडली.

"हा... कधी आणलास?"

"सकाळीच ठेवला होता. नुसत्या शर्टावर निघाला होतास."

डाव्या हातात लेक होती. त्याने उजवा हात बाहीत घातला. अंग ओलसर होतं. हात आत गेला, कोपराशी अडला. त्याने जोर लावला.

"ढकलू नकोस," ती म्हणाली.

तिने बाहीच्या तोंडातून आपली बोटं आत घातली आणि त्याचा हात शोधून धरला.

"सैल सोड."