पेटीला झोपवणारा ब्रिनमोर

त्या शनिवारी तुम्ही आमच्या रग्बी क्लबच्या मागच्या पटांगणात असायला हवं होतं. गाड्या इतक्या, की आमच्या वेल्श दरीतल्या सगळ्या गाड्या संपावर जाऊन तिथं ठाण मांडून बसल्यात असं वाटावं. प्रत्येक गाडीपाशी एक पोरगा नाहीतर पोरगी, हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा कप, आणि चेहरे असे गंभीर की तसे मी त्यांचे चॅपलमध्ये प्रार्थनेच्या वेळीसुद्धा पाहिले नाहीत. चॅपलमध्ये ती येतातच कुठं म्हणा.

मधोमध ट्रेलरवर ब्रिनमोर प्यू उभा. हा माणूस आधी लग्नांत गाणी वाजवायचा, मग खिडक्यांच्या काचा विकायचा, आता एकदम संताचा माणूस झाला होता. अंगात पांढरा स्वेटर, गळ्यात मेंढ्याचं शिंग.

"लेकरांनो, तुमच्या गाडीतली पेटी दुष्ट नाहीये," तो सांगत होता. "ती बावरलीय. शहरात जन्मलेली ती. आपला डोंगर तिला कुठला माहीत? वळण आलं की तिचं काळीज उडतं, अन् ती कंपनीकडं चुगली करते. तिला धीर द्या."

आणि पोरं माना डोलवत होती.

ही पेटी काय ते सांगते. आमच्याकडं नव्यानं गाडी चालवायला लागलेल्या पोरांना विमा सुखासुखी मिळत नाही. परवडेल असा हवा असेल तर कंपनी गाडीत एक काळी पेटी बसवते, साबणाच्या वडीएवढी. ब्रेक किती जोरात मारला, वळणावर गाडी किती वेगात होती, रात्री किती वाजता गाडी बाहेर काढली, सगळं ती कंपनीला कळवते. मग तुमच्या फोनवर रंग उमटतो. हिरवा म्हणजे बरं, लाल म्हणजे तुमचं काही खरं नाही. लाल बराच काळ राहिला तर विमा रद्द. आणि एकदा रद्द झाला की दुसरी कुठलीच कंपनी सहजासहजी दारात उभं करत नाही.

माझी नात हेलेद लालमध्ये होती. वृद्धाश्रमात कामाला जायची, डोंगरावरच्या रस्त्यानं. तो रस्ता मेंढ्यांचा. आमच्या मेंढ्या इतक्या आगाऊ की गाडी आली तर बाजूला होत नाहीत, उलट तुमच्याकडं कागदपत्रं मागतील असं बघतात. हेलेद जोरात यायची, मेंढी दिसली की कचकन ब्रेक मारायची, आणि फोन लाल व्हायचा. महिनाअखेरीस लालच दिसला तर विमा रद्द करू, असा कंपनीचा निरोप आला होता.

विमा जाऊन नुसती नोकरी गेली असती, तर दुसरी मिळाली असती. पण तिचा बाप, माझा एमलिन, स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, विक गावच्या हॉस्पिटलात पडला होता. मासळीच्या बोटींवर आयुष्य काढलं त्यानं, आता फुप्फुसं संपली होती. हेलेदची आई ती लहान असतानाच गेली. बापलेकीचं सगळं बोलणं फोनवर, आणि आता त्याला फोनवरही बोलता येईना. माझं कंबरेचं हाड नुकतंच बदललेलं, चार-पाच आगगाड्या बदलत तिकडं जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. विमानाला डॉक्टर नाही म्हणाले. डोळ्यांमुळं माझा स्वतःचा परवाना केव्हाच परत केलेला. म्हणजे आम्हा दोघींना एमलिनपर्यंत नेणारं एकच काही होतं, हेलेदची ती जुनी निळी गाडी.

म्हणून तीही कप घेऊन रांगेत उभी राहिली. मी काठी टेकत मागं.

ब्रिनमोरचा उपाय असा. डोंगरावर संताची जुनी विहीर आहे, तिच्या काठच्या झुडपाला आजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून चिंध्या बांधतात. त्या विहिरीतला खडा एका थैलीत घालून पेटीखाली लटकवायचा. विहिरीचं पाणी कपात काठोकाठ भरून गाडीत समोर ठेवायचं. पाणी सांडलं तर संत रुसतो, मग पुन्हा पहिल्यापासून. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, संत झोपतो. उपाय घेतला की बादली फिरायची, आणि बादलीत काय टाकायचं ते ज्याच्या त्याच्या भक्तीवर. भक्ती कमी दिसली की ब्रिनमोर बादली पुन्हा पुढं करायचा.

मी आयुष्यभर थापा मारत आलेय. माझ्या नवऱ्यानं खाणीत व्हेल पकडला होता हे या दरीतली निम्मी पोरं अजून खरं मानतात. त्यामुळं दुसऱ्याची थाप ओळखायला मला चष्मा लागत नाही. पण हेलेदच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी आशा दिसत होती. मी गप्प बसले.

पुरती गप्प नाही बसले. त्याच दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी गाडीतली थैली उघडली, खडा काढून खिडकीत कुंडीपाशी ठेवला, आणि थैलीत माझा वेल्श केक घातला. तव्यावर भाजतो ना आपण तो, मनुका घातलेला. दोन आठवड्यांपूर्वीचा होता. वजनात खड्याला भारी.

आणि बघता बघता हेलेदचा फोन लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा.

पोरगी नाचली. नाचून झाल्यावर थैलीला ओठ लावले तिनं. माझ्या केकचा एवढा मान पूर्वी कुणी ठेवला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी विकहून नर्सचा फोन आला. शब्द मऊ होते, पण अर्थ कळायचा तो कळला. येणार असाल तर लवकर या.

हेलेद टेबलाशी बसली. चहाला हात लावला नाही. शनिवारी निघून रात्रभर गाडी हाणायची, असं तिनं ठरवून टाकलं. आणि रात्री चालवल्यानं पेटी पुन्हा रंग लाल करेल म्हणून ब्रिनमोरकडची नवी वस्तू घ्यायची. निद्राथैली. ही थैली पेटीवर चढवली की पेटी झोपते, मग दिवस काय नि रात्र काय, तुम्ही कसेही जा, असं तो सांगत होता. गेथिननं घेतलीय म्हणे. गेथिन म्हणजे पुढच्या गल्लीतला पोरगा, हेलेदबरोबर शाळेत होता.

मी म्हटलं, मी येते सोबत.

शनिवारी पटांगणात आधीपेक्षा जास्त गर्दी. ब्रिनमोरनं थैली वर धरली. जांभळी मखमल, सोनेरी गोंडा. हेलेद पुढं झाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"थांब गं जरा," मी म्हटलं. "ब्रिनमोर, बाळा, मला हातात घेऊन बघू दे की. म्हातारीला तेवढंच पुण्य."

नाही म्हणता येईना त्याला, सगळे बघत होते. मी मखमल चाचपली. आत कुरकुर वाजलं. नाताळला टर्की गुंडाळून भाजायचा चंदेरी कागद, घडीवर घडी घालून शिवलेला. तो आवाज मी पन्नास नाताळ ऐकलाय.

"तुझा फोन दे बघू," मी म्हटलं.

"माझा कशाला, नॅन?" आमच्या गल्लीत लहानथोर सगळेच मला नॅन, म्हणजे आजी, म्हणतात.

"तुझा फोन संताचा ना. त्याला काय होतंय?"

लोक हसले, त्यानं दिला. मी तो थैलीत घातला, तोंड घट्ट पिळून बांधलं आणि हेलेदला म्हटलं, लाव याला. तिनं लावला. आम्ही सगळे कान देऊन उभे. थैली गप्प. हेलेदच्या फोनमधून बाई बोलली, तुम्ही संपर्क करू पाहताय ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.

"पेटी झोपत नाही रे लेकरांनो," मी म्हटलं. "तिचं तोंड दाबलं जातं. तीही फोनसारखीच हवेतून बोलते, आणि हा कागद हवा अडवतो. आता मला सांगा, शेजारच्या खोलीत दंगा करणारी पोरं एकदम गप्प झाली तर आई काय करते? निवांत चहा पिते?"

सगळ्यांच्या आयांनी त्यांना कधी ना कधी त्या शांततेतच पकडलं होतं.

"ती धावत जाते," मागून आवाज आला.

गेथिन होता. तोंड उतरलेलं. फोन पुढं केला त्यानं. तुमची पेटी बंद पाडण्याचा प्रयत्न दिसतो, म्हणून तुमचा विमा आजपासून रद्द, असं कंपनीनं सकाळीच कळवलेलं. ब्रिनमोरला त्यानं विचारलं होतं. ब्रिनमोर म्हणाला होता, तुझ्या कपातलं पाणी सांडलं असणार. म्हणून बिचारा कुणाशी बोलला नव्हता. आपलीच श्रद्धा कमी पडली, असं समजून गर्दीत मागं उभा होता.

ब्रिनमोर काही लगेच हरणारा नव्हता. थैलीचं जाऊ दे, म्हणाला, पण खड्याचं काय? हेलेद लाल होती की नाही? आता हिरवी आहे की नाही? तो संताचा प्रताप नाही तर कुणाचा?

"हेलेद," मी म्हटलं, "तुझी थैली आण."

तिनं आणली. मी ती सगळ्यांसमोर उघडली आणि केक ट्रेलरवर आपटला. ठण्ण वाजला. खडा असता तरी इतका वाजला नसता.

पटांगण हसून लोटपोट झालं. ब्रिनमोरसुद्धा क्षणभर हसला, मग त्याला आठवलं की आपण हसायचं नाहीये, आणि तो ट्रेलरच्या मागच्या बाजूनं उतरला. त्या दिवसापासून शिंग दिसलं नाही त्याच्या गळ्यात.

हेलेद हसली नाही. माझ्यावर भडकली होती.

"मग हिरवा कुणी केला, नॅन? तुझ्या केकनं?"

"तू केलास," मी म्हटलं. "पाणी सांडू नये म्हणून वळणावर हळू आलीस. दुरून मेंढी दिसली की पाय आधीच उचललास. रात्री गाडी काढली नाहीस. पेटीला दुसरं हवंय तरी काय? कपात नळाचं पाणी घातलं असतंस तरी हेच झालं असतं. खडा नको, केक नको, मीही नको. सगळं तुझ्या पायांनी केलंय."

ती खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं रागानं. "मला वाटत होतं मला येतच नाही चालवायला," ती म्हणाली.

रडून झाल्यावर तिनं एक गोष्ट केली, जी आख्ख्या दरीत कुणी केली नव्हती. कंपनीला फोन लावला आणि विचारलं. पलीकडच्या बाईनं सांगितलं, रात्री चालवलं तर गुण कमी होतात, पण एका प्रवासासाठी कुणी विमा रद्द करत नाही. वडिलांना भेटायला जा. मात्र दोन-दोन तासांनी थांबा, आणि झोप आली तर पुढं जाऊ नका, मला पण मुलगी आहे.

एवढंच होतं. इतके दिवस सगळे विहिरीवर जात होते, आणि उत्तर फोनच्या पलीकडं बसलं होतं.

मग खरी तयारी झाली. गेथिननं गाडीखाली वाकून पाहिलं आणि पुढचं एक टायर गुळगुळीत झालंय म्हणाला. कुठल्याच खड्याला ते दिसलं नव्हतं. त्याची गाडीही तीच, त्याच बनावटीची. त्यानं स्वतःच्या गाडीचं चाक काढलं आणि आमच्या गाडीला बसवलं. "माझी आता कुठं हलतेय," म्हणाला. तेल बघितलं, काच धुवायचं पाणी भरलं, मी चीज-कांद्याचे सँडविच बांधले, घोंगडी घेतली. निघताना हेलेदनं स्वयंपाकघरातल्या नळाखाली कप भरला आणि समोर ठेवला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"मला कळायला," ती म्हणाली.

वाटेत एमलिन आत्ता श्वास घेत असेल का, हे आम्ही दोघी मनात विचारत होतो, मोठ्यानं कुणी विचारत नव्हतं. दर पाटीला वाटायचं, उशीर झाला. लेक डिस्ट्रिक्टपर्यंत पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि निम्मी वाटही सरली नव्हती. पुढं जा म्हणायची माझी हिंमत नव्हती, थांब म्हणायचीही नव्हती. मुलगा माझा होता.

एका वळणावर कप हिंदकळला आणि पाणी तिच्या गुडघ्यावर सांडलं.

तिनं गाडी कडेला घेतली. "नॅन, पाणी सांडलं," ती म्हणाली. "मी दमलेय. आता पुढं गेले तर आपण दोघीही पोचणार नाही."

रस्त्याकडेच्या स्वस्त हॉटेलात आम्ही झोपलो. ती झोपली, मी नाही. ती रात्र माझ्या वैऱ्यालाही नको.

रविवारी दुपारी आम्ही विकला पोचलो. एमलिन अजून होता. डोळे उघडे होते, ओठ कोरडे पडून भेगाळले होते. बोलता येत नव्हतं, पण तिला पाहिल्यावर त्यानं दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं. एवढ्या लांबून तू एकटी गाडी चालवत आलीस, असं ते बघणं होतं.

हेलेद गाडीत जाऊन कप घेऊन आली. सकाळी हॉटेलच्या नळावर भरलेला. काठापर्यंत जसाच्या तसा. नर्सनं दिलेला छोटा स्पंज त्यात बुडवून तिनं त्याचे ओठ ओले केले.

तो बुधवारपर्यंत होता. पाण्यानं तो वाचला नाही, आणि वाचेल असं मी तुम्हाला सांगणारही नाही. व्हेलची थाप वेगळी, ही वेगळी. माझ्या थापेनं कुणाचा बाप न भेटता राहत नाही.

ज्याच्या गळ्यात शिंग आहे त्याच्याकडं जाण्याआधी, ज्याला माहीत आहे त्याला विचारा. थैली हातात आली तर आत काय कुरकुरतंय ते उघडून बघा. एखादा उपाय लागू पडला तर तो कशानं लागू पडला, ते खडा काढून तपासा. आणि रंग हिरवा झाला तर त्याचं श्रेय विहिरीला देऊ नका. ते ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याचं आहे.

खडा अजून माझ्या खिडकीत आहे, वारा आला की दार अडवायला. तेवढं काम तो चोख करतो.